काळी, पांढरी आणि पाण्याचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे दख्खनच्या पठारावरचा शेतकरी एका प्रश्नापाशी येऊन थांबलेला असतो. पाऊस सरलेला असतो, खरीप घरात आलेले असते किंवा खळ्यावर पडलेले असते. जमिनीत ओल किती उरली आहे आणि तिच्या भरवशावर रब्बीला काय पेरायचे, हा तो प्रश्न. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या (पूर्वीचा अहमदनगर) नगर तालुक्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथे या प्रश्नाचे उत्तर एकट्या शेतकऱ्याने बांधावर उभे राहून शोधायचे नसते. गावात पडलेला पाऊस मोजलेला असतो, विहिरींची पातळी पाहिलेली असते. माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी लागणारे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरलेल्यात कोणते पीक बसते ते ग्रामसभेत ठरवायचे, अशी तिथली रीत. तिला ‘पाण्याचा ताळेबंद’ म्हणतात.

ताळेबंद हा शब्द अलीकडचा, पण त्यामागची विवंचना फार जुनी. याच जिल्ह्यातून वाहणाऱ्या प्रवरेच्या काठी आणि जिल्ह्याच्या सीमेलगतच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांची गावे नांदत होती. त्यांनीही ओल जोखून पेरणी केली, पाणी वळवले, धान्य साठवले. त्यांतली बहुतेक गावे पुढे ओस पडली. संगमनेर तालुक्यातल्या ज्या गावाजवळ त्यांच्या खुणा प्रथम नीट ओळखल्या गेल्या, त्या जोर्वे गावाचे नाव या लोकांच्या संस्कृतीला मिळाले. महाराष्ट्राच्या शेतीची कुळकथा सांगायची तर सुरुवात या लोकांपासून आणि त्यांच्या आधी इथे आलेल्या काही वस्त्यांपासून करावी लागते.

पांढरीच्या पोटात

आपल्या गावगाड्याच्या भाषेत जमिनीचे दोन भाग आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे गावठाण. माणसे एका जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, शेण, खचलेल्या भिंतींची माती, हाडे आणि खापरे यांचे थर साचत जातात आणि आजूबाजूच्या काळ्या रानात ती जागा फिकट उठून दिसते. ‘पांढरी’ हा शब्द वापरणाऱ्या आपल्या पूर्वजांनी पुरातत्त्वाचा एक मूलभूत नियमच नकळत नोंदवून ठेवला आहे. पुरातत्त्वज्ञही नदीकाठाने हिंडताना हीच पांढरीची टेकाडे शोधतात.

डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये नाशिक आणि जोर्वे येथे उत्खनन केले. जोर्व्याला तांब्याच्या सहा सपाट कुऱ्हाडी आणि एक बांगडी मिळाली होती, पण संस्कृतीला नाव मिळवून दिले ते तिथल्या खापरांनी. चाकावर घडवलेली, उत्तम भाजलेली, नारिंगी-तांबड्या रंगाची आणि त्यावर काळ्या रंगात भूमितीच्या नक्षी काढलेली ही भांडी. टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. तोटीची भांडी आणि मध्यावर कंगोरा असलेले वाडगे ही त्यांची ओळख. पुढे तशीच खापरे तापीच्या खोऱ्यात, गोदावरी-प्रवरेच्या काठी आणि भीमेच्या खोऱ्यात सापडत गेली. आज अशी दोनशेहून अधिक स्थळे माहीत आहेत.

योगायोग असा, की जोर्व्याला उत्खनन चालू होते त्याच सुमारास, १९५०-५१ च्या हंगामात, प्रवरेच्याच खोऱ्यात सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम सुरू होत होता. एका बाजूला या नदीकाठची सर्वात जुनी शेती मातीतून वर येत होती, तर दुसऱ्या बाजूला तिथली सर्वात तहानलेली शेती उभी राहत होती.

जोर्व्यानंतर नेवाशाची पाळी आली. ज्ञानेश्वरीमुळे मराठी मनात कायमचे कोरले गेलेले हे गाव. १९५४ ते १९५६ या काळात तिथे झालेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतचे थर मिळाले. एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत, गंजामुळे टिकून राहिलेला, दोऱ्याचा अवशेष होता. त्याच्या तपासणीत सूत आणि रेशीम ओळखले गेले. आपल्या लेकराला निरोप देताना त्या घराने जवळची सर्वात मोलाची वस्तू मातीत दिली होती.

श्रीरामपूर तालुक्यातले दायमाबाद हे स्थळ भा. पु. बोपर्डीकर यांनी १९५८ साली उजेडात आणले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने तिथे तीन टप्प्यांत उत्खनन केले. शेवटचा आणि सर्वात मोठा टप्पा सां. अ. साळी यांच्या नेतृत्वाखाली १९७६ च्या आसपास सुरू होऊन १९७९ पर्यंत चालला. दायमाबादचे महत्त्व त्याच्या थरांच्या क्रमात आहे. सर्वात खाली सावळदा संस्कृती, तिच्यावर उत्तर हडप्पा, मग दायमाबादची स्वतःची अशी एक संस्कृती, त्यावर माळवा आणि सर्वात वर जोर्वे. इ. स. पू. २२०० च्या सुमारापासून इ. स. पू. १००० पर्यंतचा हा अखंड दस्तऐवज आहे. १९७४ मध्ये तिथल्या एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाच्या बुडाशी खणताना दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी चार भरीव धातुशिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोंहून अधिक आहे. ती नेमकी कोणत्या काळातली यावर तज्ज्ञांचे एकमत नाही, पण प्रवरेचा काठ हा आडबाजूचा मुलूख नव्हता, एवढे त्यांनी निर्विवाद सांगितले.

नवाश्मयुग कुठे गेले?

शाळेच्या पुस्तकात मानवाचा इतिहास पायऱ्यांनी चढतो : पुराश्मयुग, मध्याश्मयुग, नवाश्मयुग, मग ताम्र आणि लोह. नवाश्मयुगाची खूण म्हणजे घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे, पाळीव जनावरे, शेती आणि स्थिर गाव. गॉर्डन चाइल्ड यांनी या बदलाला ‘नवाश्मयुगीन क्रांती’ म्हटले. भारतीय उपखंडात तिची सर्वात जुनी ठळक साक्ष बलुचिस्तानातल्या मेहरगढला मिळते. तिथे इ. स. पू. ७००० च्या सुमारास सातू आणि गहू पिकत होता, जनावरे पाळली जात होती. कर्नाटकात इ. स. पू. तिसऱ्या सहस्रकात गुराखी-शेतकऱ्यांच्या वस्त्या होत्या. शेण जाळून तयार झालेली त्यांची राखेची टेकाडे आजही उभी आहेत.

महाराष्ट्रात मात्र ही पायरी वेगळी अशी सापडत नाही. इथे शेतकरी प्रथम दिसतो तोच कुंभाराचे चाक आणि थोडे तांबे घेऊन. म्हणून आपल्या पहिल्या शेतकऱ्यांना ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. या शब्दातला ‘ताम्र’ फसवा आहे. तांबे दुर्मीळ होते. ते दूरवरून यायचे आणि त्याचे मणी, बांगड्या, गळ, क्वचित कुऱ्हाडी व्हायच्या. रोजचे काम दगडावरच चाले. गारगोटीच्या जातीच्या दगडाची लांबट, धारदार पाती पाडायची, ती लाकडाच्या खाचेत डिंकाने बसवायची की विळा तयार. लाकूड तोडायला घासलेल्या काळ्या दगडाची कुऱ्हाड. जीवनमानाच्या दृष्टीने ही माणसे नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्या अगदी शेजारी बसतात.

त्यांच्या घरात उत्तर आणि दक्षिण दोन्हींचा वास आहे. माळवा संस्कृती नर्मदाकाठच्या नावडातोलीसारख्या गावांतून ओळखली जाते. ते लोक इ. स. पू. १६०० च्या सुमारास महाराष्ट्रात दिसू लागतात. रंगीत भांडी आणि गव्हा-सातूची शेती हे उत्तरेकडचे धन. उलट राखाडी रंगाची हातघडणीची भांडी, घासलेल्या दगडी कुऱ्हाडी आणि मुलांना रांजणात पुरण्याची चाल यांचे धागे कर्नाटकातल्या नवाश्मयुगाशी जुळतात. महाराष्ट्र हा दोन प्रवाहांचा संगम आहे, असे आपण भाषेबद्दल आणि संस्कृतीबद्दल म्हणत आलो आहोत. शेतीबद्दलही तेच खरे आहे.

घर, शेत आणि पाट

या लोकांचे रोजचे जगणे सर्वात तपशिलाने कळते ते इनामगावात. घोड नदीच्या काठचे हे स्थळ डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात, सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या देखरेखीखाली खणले. खड्डा घेऊन खापरे मोजण्यापुरते हे काम थांबले नाही. आडव्या पसाऱ्यात थर उघडत जाऊन शंभरांहून अधिक घरांची जमीन, चुली, कणग्या आणि दफने यांचा नकाशा तयार झाला. भारतात एका प्राचीन खेड्याचे इतके बारकाईचे उत्खनन क्वचितच झाले आहे.

इनामगावचे तीन कालखंड मानतात. पहिला माळवा, इ. स. पू. १६०० ते १४००. दुसरा पूर्व जोर्वे, १४०० ते १०००. तिसरा उत्तर जोर्वे, १००० ते ७००. पूर्व जोर्वे काळातली घरे चौकोनी, ओळीने बांधलेली. मातीची बुटकी भिंत, तिच्यावर कुडाचा आडोसा आणि वर गवताचे छप्पर. घरात चूल, धान्याचे पेव, आणि चार सपाट दगड मांडून त्यांवर ठेवलेली कणगी. दगडांवर कणगी ठेवली की खालून वारा खेळतो आणि ओल-उंदीर दूर राहतात. जुन्या वाड्यात वाढलेल्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

जळून कोळसा झालेल्या दाण्यांवरून पिके कळली. सातू हे मुख्य पीक. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि हुलगा. रानातली बोरे तर हमखास. ही यादी ध्यानात घेतली की एक गोष्ट लक्षात येते. हुलगा सोडला तर यातली जवळजवळ सगळी पिके रब्बीची आहेत. पाऊस पडून गेल्यावर, थंडीच्या तोंडावर, जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर येणारी. म्हणजे या लोकांच्या वर्षाचा कळीचा महिना आपल्या दिवाळीच्याच आसपासचा होता.

हा सगळा मुलूख पर्जन्यछायेचा. सह्याद्री ओलांडताना ढग रिते होतात आणि पूर्वेकडे जेमतेम सरी पोहोचतात. गहू नुसत्या ओलीवर भरवशाने येत नाही. म्हणून इनामगावकरांनी पाण्यासाठी कष्ट घेतले. उत्खननात एक खोदलेला पाट मिळाला : सुमारे २०० मीटर लांब, चार मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल. त्याच्या लगत दगड-मातीचा सुमारे २४० मीटर लांबीचा बांध. पुराचे पाणी वळवून साठवण्याची ही सोय असावी, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष. लोखंड अजून यायचे होते. काठीने, दगडाने आणि टोपलीने एवढी माती हलवायची म्हणजे साऱ्या गावाचे हात लागले असणार आणि त्या हातांना कामाला लावणारे कोणीतरी असणार.

तो ‘कोणीतरी’ही कदाचित सापडला आहे. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते आणि त्याला लागून धान्याचे कोठार. त्या घराच्या अंगणात चार पायांचा, माणसाच्या धडासारखा फुगीर रांजण पुरलेला होता. त्यात मांडी घालून बसवलेला साधारण चाळिशीचा पुरुष. इनामगावात प्रौढांना उताणे निजवून पुरत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडत. मेलेल्याने चालत कुठे जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी. या माणसाची पावले मात्र शाबूत होती. ढवळीकरांनी त्याला गावचा प्रमुख मानले. धान्य त्याच्या कोठारात जमा होई आणि गरजेप्रमाणे वाटले जाई, अशी व्यवस्था त्यांनी त्यावरून मांडली.

मुलांसाठी चाल वेगळी होती. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, त्यात मूल ठेवायचे आणि घराच्याच जमिनीखाली पुरायचे. इनामगावात मिळालेल्या दोनशेहून अधिक दफनांत मोठा वाटा मुलांचा आहे. त्या घरातल्या बाईने सारवलेल्या जमिनीखाली तिचे मूल होते, हे वाचताना ‘संस्कृती’ हा पुस्तकी शब्द एकदम घरचा होतो.

गावे ओस पडली तेव्हा

इ. स. पू. १००० च्या सुमारास चित्र पालटते. दायमाबाद ओसाड होते. नेवाशाची वस्तीही संपते आणि तिथे पुन्हा माणसे नांदू लागतात ती कैक शतकांनी, सातवाहनकाळाच्या सुमारास. गोदावरी-प्रवरेच्या काठची गावे थांबली तरी भीमेच्या खोऱ्यात इनामगाव तीनशे वर्षे तग धरून राहते. पण ते आधीचे इनामगाव राहत नाही. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या येतात. भांड्यांची घडण आणि नक्षी उतरते. गहू मागे पडतो, शिकारीच्या हाडांचे प्रमाण वाढते, शेळ्या-मेंढ्यांवरची भिस्त वाढते. घरात स्थिरावलेला शेतकरी अर्धा मेंढपाळ झालेला दिसतो.

असे का झाले? ढवळीकरांचे उत्तर हवामानाकडे बोट दाखवते. पाऊसमान घटले, कोरडेपणा वाढला, शेती परवडेना. अनेक वर्षे हेच उत्तर प्रमाण मानले गेले. पण २०११ मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग यांनी इनामगावच्या मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास प्राचीन हवामानाच्या नव्या पुराव्यांशी ताडून पाहिला आणि हे उत्तर फार सोपे असल्याचे दाखवले. उत्तर काळातल्या लहानग्यांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना हाडांत दिसल्या. मात्र त्याचे सारे खापर पावसावर फोडायला त्या तयार नाहीत. माणसाचे निर्णय, जमिनीवरचा ताण, लोकसंख्या आणि समाजाची घडी या सगळ्यांचा तो मिळून झालेला परिणाम आहे, अशी त्यांची भूमिका.

मला हा वाद महत्त्वाचा वाटतो, कारण तो आजही चालू आहे. दुष्काळ पडला की आपण आभाळाकडे पाहतो. पण याच पठारावर तेवढ्याच पावसात एक गाव टँकरची वाट पाहते आणि शेजारचे गाव रब्बी काढते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पाऊस कमी होता हे खरे, आणि तेवढ्याने सगळे कळत नाही हेही खरे.

जोर्वे लोकांना एक मर्यादा मात्र खरोखर बांधून होती. त्यांची बहुतेक गावे नदीकाठाला चिकटलेली आहेत. बेसॉल्टचा कातळ फोडून खोल विहीर घ्यायला लोखंड लागते आणि ते त्यांच्यापाशी नव्हते. विदर्भातल्या महापाषाणीय लोकांच्या दफनांत लोखंड विपुल दिसते; जोर्वे संस्कृती संपत आली तो हा काळ. लोखंड आल्यावरच नदीपासून दूरची जड काळी जमीन आणि डोंगराच्या पायथ्याची गावे शेतीच्या आवाक्यात आली. हिवरे बाजार हे तसेच गाव. मोठी नदी नाही, भोवती डोंगर, आणि सारी मदार विहिरींवर.

माप कोणाच्या हाती?

हिवरे बाजारही ओस पडू लागले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, माणसे कामासाठी शहरांकडे गेली. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. त्यानंतर डोंगरउतारावर सलग समतल चर खोदले गेले, बांध घातले गेले, झाडे लागली. खरे वेगळेपण त्यानंतरच्या नियमांत आहे. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही. ऊस आणि केळी लावायची नाहीत. डोंगरावर जनावरे मोकाट सोडायची नाहीत, झाड तोडायचे नाही. या कामाबद्दल २०२० साली पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. गाव सोडून गेलेली कितीतरी कुटुंबे परत आली, हा त्याहून मोठा सन्मान म्हणावा लागेल.

इनामगावचा पाट आणि हिवरे बाजारचे चर यांच्यात तीन हजार वर्षांचे अंतर आहे. दोन्ही ठिकाणी पाणी अडवायला साऱ्या गावाचे हात लागले. फरक पडतो तो पुढे. इनामगावात धान्याचे कोठार एका घराला लागून होते. किती ठेवायचे आणि कोणाला द्यायचे हे त्या घरात ठरत असावे. हिवरे बाजारात पाण्याचे माप सर्वांसमोर होते आणि नियम ज्याला जाचतो त्यालाही ग्रामसभेत तोंड उघडता येते. म्हणून हे गाव कायमचे सुरक्षित झाले असे मी म्हणणार नाही. सलग दोन-तीन वर्षे पाऊस फिरला तर तिथल्याही विहिरी तळ गाठतील. पण कमी पडले तर आधी काय सोडायचे हे त्यांनी चांगल्या वर्षात ठरवून ठेवले आहे. उत्तर जोर्वे काळातल्या माणसाला आधी चांगले घर सोडावे लागले, मग गहू, आणि शेवटी गाव.

प्रवरेच्या काठावर आज उसाची गर्द हिरवी राने आहेत. त्यांना पाणी येते ते भंडारदऱ्याच्या धरणातून, १९२६ साली पुऱ्या झालेल्या बांधामुळे. त्या हिरवाईत दायमाबादचे पांढरीचे टेकाड फिकट उठून दिसते. बाराशे वर्षे तिथे माणसे नांदली, हे आजच्या कोणत्याही कालव्याच्या वयाहून कितीतरी जास्त. ती गेली तेव्हा नदी वाहत होती आणि काळी जमीन तिथेच होती.

यंदाच्या रब्बीला काय पेरायचे, याचा निर्णय या दिवसांत पठारावरच्या हजारो गावांत होत असेल. बहुतेक ठिकाणी तो ज्याचा त्याचा असेल, आणि ज्याची कूपनलिका खोल त्याचा निर्णय शेजाऱ्यालाही पाळावा लागेल. काही मोजक्या गावांत पर्जन्यमापकाचा आकडा फळ्यावर लिहिलेला असेल आणि माणसे त्यासमोर बसून वाद घालत असतील. आपली पांढरी किती काळ नांदती राहणार, याचे उत्तर त्या वादातून निघायचे आहे.